बालवाडीतील शरद ऋतूचे उपक्रम : दसऱ्यापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंतची क्रमवार आखणी

ऑक्टोबर उजाडला की पुण्यातील अनेक बालवाड्यांच्या भिंतींवर नारिंगी कागदाची, टोकदार कडांची मेपलची पाने लागतात. त्याच वेळी खिडकीबाहेरचा पिंपळ हिरवागार असतो आणि मुलांनी मेपल कधी पाहिलेला नसतो. ही पहिली चूक. दुसरी चूक मला त्याहून मोठी वाटते, ती म्हणजे विषयाची सुरुवातच चिकटकामापासून होते. ताईंनी आदल्या दिवशी कापून ठेवलेले आकार मुले नेमून दिलेल्या जागी चिकटवतात, सगळ्या मुलांची चित्रे एकसारखी होतात, फोटो पालकांच्या गटावर जातो आणि शरद ऋतू तिथेच संपतो. पान हातात घेणे, चुरगाळून वास घेणे, दोन पाने शेजारी ठेवून वेगळेपण सांगणे, हे सगळे राहून जाते.

पुढील आखणी ३ ते ६ वर्षे वयाच्या मुलांसाठी, वीस-पंचवीस पट असलेल्या, एक ताई आणि एक मावशी असलेल्या वर्गासाठी केलेली आहे. दसरा ते दिवाळी हे अंतर सुमारे वीस दिवसांचे असते. रविवार आणि सुट्ट्या वजा जाता शाळेचे बारा-तेरा दिवस हाती लागतात आणि ते पुरतात. टप्प्यांचा क्रम मात्र बदलू नये, कारण बहुतेक टप्प्यांचे साहित्य आधीच्या टप्प्यांतून मिळते.

टप्पा १ : आपल्या भागातला शरद नेमका पाहून घेणे

शरद म्हणजे आश्विन आणि कार्तिक. पुण्यात या महिन्यांत झाडे निष्पर्ण होत नाहीत. खरी पानगळ शिशिरात, म्हणजे साधारण जानेवारी ते मार्च या काळात दिसते. त्यामुळे ‘पानगळ’ हा विषय ऑक्टोबरमध्ये घेतला तर मुलांना दाखवायला रस्त्यावर काहीच नसते. देशी बदामाची एखाददुसरी लाल पाने मिळतात, पण त्यावर आठवडा निघत नाही. या काळात खरोखर घडते ते असे : पाऊस ओसरतो, गवत पिवळे पडून त्याला बी धरते, झेंडू आणि शेवंती बाजारात येतात, पहाटे प्राजक्ताचा सडा पडतो, सातवीण उग्र वासाने फुलते, सीताफळे येतात, शिरूर-खेडकडची बाजरी निघते, मावळ-मुळशीत भात पिवळा पडून कापणीला येतो आणि आकाश निवळल्यामुळे सावल्या ठळक पडतात.

विषय सुरू होण्यापूर्वी आठवडाभर आधी शिक्षिकेने शाळेभोवतीच्या दोन-तीन गल्ल्यांमधून एकटीने फेरी मारावी आणि मुलांच्या नजरेच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून सुमारे तीन फुटांपर्यंत, काय दिसते याची वहीत नोंद करावी. ही उंची महत्त्वाची आहे. आपल्याला झाडाचा शेंडा दिसतो, तर मुलाला कुंपणाच्या जाळीत अडकलेला आघाडा दिसतो.

सावधान : या फेरीत धोक्याच्या वनस्पतीही टिपून ठेवाव्यात. कण्हेर आणि पिवळी कण्हेर (बिट्टी) पुण्यातल्या सोसायट्यांच्या कुंपणांना सर्रास लावलेली असते आणि तिचे सर्व भाग विषारी असतात. गुंजेच्या लाल-काळ्या बिया, एरंडाच्या बिया, धोतरा, घाणेरीची हिरवी फळे आणि रुईचा चीक यांपासूनही मुलांना दूर ठेवावे. गाजरगवताने त्वचेला खाज सुटते. ज्या गल्लीत हे दाटून उगवले असेल ती गल्ली सरळ वगळावी. ‘हात लावू नका’ या सूचनेवर तीन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत विसंबता येत नाही.

टप्पा २ : साहित्य दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जमवणे

बहुतेक शाळा दसऱ्याच्या आधीच साहित्य विकत आणतात किंवा मुलांना झाडाची पाने तोडून आणायला सांगतात. दोन्हींची गरज नाही. दसऱ्याच्या संध्याकाळी प्रत्येक घरात सोने म्हणून वाटलेल्या आपट्याच्या पानांचा ढीग साचतो आणि दारावर झेंडूचे तोरण सुकू लागते. दुसऱ्या दिवशी हे सगळे कचऱ्यात जाते. तेच शाळेत मागवावे. ज्या घरांत दसरा होत नाही त्या घरांतील मुलांनाही सहज सहभागी होता यावे, म्हणून चिठ्ठीत पर्याय ठेवावा. चिठ्ठी दसऱ्याच्या दोन दिवस आधी जावी आणि तिचा मजकूर मोजका असावा :

‘दसऱ्यानंतर शाळा भरेल त्या दिवशी मुलासोबत कागदी पिशवीतून पुढीलपैकी जे घरी असेल ते पाठवावे : आपट्याची वापरलेली पाने, तोरणातील झेंडू, कोणत्याही झाडाची खाली पडलेली पाने, जुना जाड लोकरी मोजा. कृपया काहीही विकत आणू नये व झाडावरून तोडू नये.’

‘कागदी पिशवी’ हा शब्द गाळू नये. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला ओला झेंडू एका रात्रीत काळा पडून घाण वास मारू लागतो.

साहित्य आले की ते लगेच मुलांना देऊ नये. मावशींच्या मदतीने रद्दीवर पसरून तासभर उन्हात ठेवावे, झटकावे आणि अळ्या, मुंग्या, तोरणातील सुतळी, तारा व टाचण्या काढून टाकाव्यात. बाजारच्या तोरणांत बारीक तार हमखास असते. त्यानंतर आपट्याची आणि इतर पाने दोन भागांत वाटावीत. निम्मी पाने टोपल्यांत ताजीच राहू द्यावीत आणि निम्मी वर्तमानपत्राच्या घड्यांत सुटी सुटी मांडून वर जाड पुस्तके ठेवावीत. कागद रोज बदलला तर पाच-सहा दिवसांत पाने सपाट आणि कोरडी होतात. कागद न बदलल्यास, विशेषतः परतीचा पाऊस रेंगाळला असेल तर, पानांवर बुरशी धरते.

पडताळणी : टिश्यू पेपरच्या गुंडाळीतील पुठ्ठ्याची नळी घ्यावी. जी वस्तू या नळीतून आरपार जाते ती तीन वर्षांच्या आसपासच्या मुलांच्या हाती सुटी देऊ नये. वाल, चवळी, हरभरे, सीताफळाच्या बिया या सर्व वस्तू यात बाद होतात. मोठ्या वयाच्या गटातही त्या झाकण पक्के लावलेल्या पारदर्शक बाटलीतच द्याव्यात. कडधान्य नाकात गेले तर ओलाव्याने फुगते, आणि मग ते काढायला डॉक्टरच लागतो. सीताफळाच्या बिया फोडू देऊ नयेत. त्यांची पूड डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होऊ शकते.

टप्पा ३ : परिसरफेरी आणि मोज्यांचा प्रयोग

फेरी सकाळी साडेनवाच्या आत सुरू व्हावी आणि पाऊण तासात संपावी. ऑक्टोबरचे ऊन अकरापर्यंत चटका देऊ लागते आणि परतीचा पाऊस आला तर बहुधा दुपारनंतर विजांसह येतो, त्यामुळे सकाळ ही दोन्ही दृष्टींनी बरी. दोन मोठ्या माणसांच्या भरवशावर पंचवीस मुलांना रस्त्यावर नेऊ नये. दोन-तीन पालकांना किंवा आजी-आजोबांना सोबत घेऊन पाच-सहा मुलांमागे एक मोठे माणूस असेल असे पाहावे. शक्य असल्यास वर्गाचे दोन भाग करून दोन दिवशी फेरी काढावी. शाळेजवळ मोकळे, स्वच्छ गवत नसेल तर जवळचे सार्वजनिक उद्यान पाहावे; मात्र तेथे फुले-पाने तोडायची नाहीत, खाली पडलेलेच उचलायचे, हे निघण्यापूर्वी ठरवून घ्यावे. तळजाई किंवा वेताळ टेकडीच्या पायथ्याशीही जाता येते, पण तेथे सकाळच्या दवात वाट निसरडी असते. लहान वयाच्या गटाला तिकडे नेऊ नये.

फेरीत मुलांना एका वेळी एकच काम द्यावे. ‘जे दिसेल ते बघा’ असे सांगितले की मुले कुत्रे, ट्रक आणि एकमेकांच्या टोप्या बघतात. जाताना ‘पिवळे काय काय दिसते?’ एवढेच शोधायचे आणि परतताना मोज्यांचा प्रयोग करायचा.

हा प्रयोग शरदाच्या पंधरवड्यातला सर्वांत भरघोस उपक्रम आहे आणि तो याच दिवसांत साधतो, कारण गवताला व आघाड्याला आता बी धरलेले असते. प्रत्येक मुलाच्या एका बुटावर जुना लोकरी मोजा चढवावा आणि मुलांना गुडघ्याखालच्या सुक्या गवतातून वीस-पंचवीस पावले चालवावे. मोज्यावर कुसळे आणि आघाड्याची बोंडे चिकटतात. मुले खाली बसून ती ओढून पाहतात. कुसळ सरळ ओढले तर निघत नाही, उलट्या दिशेने सरकवले तर सुटते, हे कोणी न सांगता त्यांच्या बोटांना कळते. ‘हे तुझ्या मोज्यावर का बसले असेल?’ एवढाच प्रश्न विचारावा आणि मिळेल ते उत्तर मान्य करावे. एखादे मूल ‘त्याला शाळेत यायचंय’ म्हणेल. बीच्या प्रवासाचे हे उत्तर मला पुरेसे शास्त्रीय वाटते. येथे ‘बीजप्रसार’ शिकवू नये.

सावधान : चालण्यापूर्वी मोठ्या माणसाने काठीने गवत हलवून पाहावे. दाट, कमरेएवढ्या गवतात मुलांना मुळीच नेऊ नये. गोखरूचे काटे बुटाच्या पातळ तळव्यातूनही टोचतात, म्हणून त्या दिवशी चपला-सँडल नकोत आणि हे पालकांना आदल्या दिवशी कळवावे. सातविणीच्या फुलांच्या उग्र वासाचा काहींना त्रास होतो; दमा असलेल्या मुलाला त्या झाडाखाली रेंगाळू देऊ नये.

मोजे काढून, मुलाच्या नावाची चिठ्ठी लावून, तसेच कागदी पिशवीत ठेवावेत. ते धुवायला घरी पाठवले की प्रयोग संपला, आणि हे अनेक वर्गांत घडते.

टप्पा ४ : हाताळणे आणि बोलणे

हा टप्पा घाईने उरकला जातो, म्हणून त्याला पूर्ण दोन दिवस राखून ठेवावेत. या दोन दिवसांत कात्री, डिंक आणि रंग कपाटात बंद असावेत.

पाच-सहा मुलांचा गट सतरंजीवर गोल बसवावा, मध्ये टोपली ठेवावी आणि पहिली पाच मिनिटे शिक्षिकेने काहीही विचारू नये. मुले पाने दुमडतात, गालावर फिरवतात, फाडतात. फाडू द्यावे. त्यानंतर आपट्याचे पान आणि कांचनाचे पान शेजारी ठेवावे. दोन्ही जोडपाने दिसतात आणि दसऱ्याला बाजारात आपटा म्हणून कांचनही विकला जातो, त्यामुळे मुलांच्या पिशव्यांत दोन्ही निघतातच. आपट्याचे पान लहान, जाड, चिवट आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त असते. कांचनाचे पान मोठे आणि पातळ असते. हा फरक शिक्षिकेने सांगायचा नाही. ‘डोळे मिट आणि हातात कोणतं आहे ते सांग’ असा खेळ घ्यावा, म्हणजे ‘हे जाड लागतंय’, ‘हे मऊ आहे’ असे शब्द मुलांकडूनच येतात. जे शब्द येतील ते मुलांच्या देखत फळ्यावर लिहावेत. मुलांना वाचता येत नसले तरी आपले बोलणे लिहिले गेले हे त्यांना दिसते.

प्रश्नांच्या बाबतीत एक नेहमीची चूक होते. ‘हे कोणत्या रंगाचं पान आहे?’ या प्रश्नाला एकच उत्तर असते आणि ते वर्गातली तीच तीन मुले देतात. त्याऐवजी ‘या दोघांत काय वेगळं आहे?’, ‘याचा वास कशासारखा येतो?’, ‘उद्या हे कसं दिसेल?’ असे विचारावे. शेवटच्या प्रश्नाची उत्तरे जपून ठेवावीत, कारण दाबून ठेवलेली पाने काढल्यावर त्यांच्याशी ताडून पाहता येते.

भोंडल्याचा फेर धरायचा असल्यास तो याच दोन दिवसांत बसवता येतो. शुद्ध परंपरेप्रमाणे तो दसऱ्याआधीचा. वर्गात चार दिवस मागे-पुढे झाल्याने काही बिघडत नाही. खिरापत ओळखण्याचा भाग गाळू नये. झाकलेला डबा हलवून, वास घेऊन, ‘गोड की तिखट?’ असे विचारत अंदाज बांधणे हे भाषेचे उत्तम काम आहे. मात्र शेंगदाणे, दूध यांची ॲलर्जी कोणाला आहे काय, हे प्रवेश अर्जावरून आधी तपासावे.

टप्पा ५ : वर्गीकरण, क्रम आणि मोजणी

सुतळीचे दोन मोठे गोल जमिनीवर मांडावेत आणि पहिले वर्गीकरण मुलांच्या मनाप्रमाणे होऊ द्यावे. एखादी मुलगी ‘ही बाबांची पानं, ही बाळाची पानं’ असे गट करते. आकारानुसार केलेले ते नेटके वर्गीकरण असते, फक्त शब्द तिचे असतात. त्यानंतरच शिक्षिकेने एक निकष द्यावा : लहान-मोठे, किंवा गुळगुळीत-खरखरीत. रंग आणि आकार असे दोन निकष एकाच वेळी देणे ही या टप्प्यावरची ठरलेली चूक आहे. चार वर्षांचे मूल अर्ध्यात निकष बदलते आणि आपण त्याला ‘चुकलं’ म्हणतो.

क्रम लावताना तीन पानांपासून सुरुवात करून पाचांपर्यंत जावे. मोजणीसाठी सातविणीच्या गळून पडलेल्या डहाळ्या घ्याव्यात, मात्र त्यांचा पांढरा चीक पूर्ण सुकलेला असावा. देठाभोवती गोलाकार पाने असल्यामुळे कोठून सुरुवात केली हे मुले विसरतात आणि तेच पान पुन्हा मोजतात. पहिल्या पानाला लोकरीचा धागा बांधून द्यावा. नाव सातवीण असले तरी दरवेळी सातच पाने निघत नाहीत. पाच, सहा, आठही निघतात. म्हणूनच ही मोजणी खरी ठरते, पाठ केलेले उत्तर येथे चालत नाही.

पडताळणी : मुलाने ‘एक, दोन, तीन, चार’ म्हटल्यावर ‘किती आहेत?’ असे विचारावे. ते पुन्हा एकपासून मोजू लागले, तर शेवटचा अंक म्हणजे एकूण संख्या हे अजून उमगलेले नाही. अशा मुलाला दहापर्यंत नेण्याऐवजी चारवरच थांबवावे.

सावलीचे काम याच दिवसांत एका सकाळी उरकावे. नऊ वाजता अंगणात एका मुलाच्या सावलीभोवती खडूने रेघ ओढावी, पावलांची जागाही आखून ठेवावी आणि साडेअकराला त्याच मुलाला त्याच जागी उभे करावे. पावलांची जागा आखली नाही तर तुलना फसते.

टप्पा ६ : कणसापासून दाण्यापर्यंत

एक-दोन डझन वाळलेली बाजरीची कणसे आणि भाताच्या थोड्या लोंब्या मिळवाव्यात. वर्गात कोणाचे गाव मावळ, मुळशी, शिरूरकडे असतेच. नसेल तर फक्त बाजरीवर भागते. हे काम मोठ्या गटाने करावे आणि उघड्यावर करावे, कारण कोंडा बारीक असतो आणि डोळ्यांत व नाकात जातो.

क्रम असा ठेवावा. प्रथम कणीस तळहातांत चोळून दाणे परातीत पाडायचे. मग मूठभर दाणे आणि कोंडा ताटलीत घेऊन मुलाने हळूच फुंकर मारायची. कोंडा उडतो, दाणा राहतो. त्यानंतर मावशींनी सुपाने पाखडून दाखवायचे. पाखडणे आधी दाखवले तर मुले फुंकर मारून पाहत नाहीत, थेट सूप मागतात. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहण्याची सूचना आधीच द्यावी. सूप आपटण्याचा सूर, कोंड्याची पुढे सरकत जाणारी कड आणि मागे उरणारा दाण्यांचा ढीग हे मुले एकटक पाहतात. अशा वेळी शिक्षिकेने समजावून सांगण्याचा मोह आवरावा. थोडे दाणे पुढील पेरणीसाठी ठेवावेत; उरलेले दळून त्याच दिवशी छोटी भाकरी करता आली तर उत्तम.

टप्पा ७ : आता चित्रे

येथपर्यंत आल्यावर मुलांना काय काढायचे हे सांगावे लागत नाही.

शिरांचे ठसे घेण्यासाठी पेरूचे आणि पिंपळाचे पान चांगले. पान उलटे, म्हणजे उठावदार शिरांची बाजू वर करून ठेवावे, वर पातळ कागद घ्यावा आणि मेणखडूचे वेष्टण काढून तो आडवा फिरवावा. खडू उभा धरल्यास कागद फाटतो. या कामाला थोडेसे कोमेजलेले पान लागते. दाबून वाळवलेले पान दाबाखाली चुरते. दाबलेली पाने चिकटवण्यासाठी आणि टोपलीतली न दाबलेली पाने ठशांसाठी, ही विभागणी दुसऱ्या टप्प्यात केली ती याचसाठी.

झेंडूच्या पाकळ्या पांढऱ्या कागदावर घासल्या की पिवळा रंग उतरतो आणि प्राजक्ताच्या देठांनी केशरी. प्राजक्त मात्र त्याच सकाळी वेचलेला आणि पहिल्या तासाला वापरलेला असावा, दहापर्यंत तो कोमेजतो. आपट्याच्या पानांची चित्रे चिकटवताना नमुना फळ्यावर लावू नये. एकाचे फुलपाखरू, दुसऱ्याचा मासा आणि तिसऱ्याचा नुसताच ढीग झाला तर तो तसाच लावावा आणि खाली मुलाचे वाक्य लिहावे. शिक्षिकेने ‘जरासे नीट’ केलेले चित्र मूल लगेच ओळखते.

टप्पा ८ : पेरणी आणि सुट्टीची व्यवस्था

मोज्यांच्या पिशव्या येथे पुन्हा बाहेर येतात. तळाला छिद्रे असलेल्या जुन्या ट्रेमध्ये माती भरून मोजे आडवे ठेवावेत, वर पातळ थर द्यावा आणि रोज पाणी शिंपडावे. रानगवताचे बी लगेच रुजेलच याची खात्री नसते, आणि तोरणातील झेंडू पुरता पिकण्याआधीच तोडलेला असल्याने त्याचेही बहुतेक बी पोकळ निघते. केवळ यांवर विसंबल्यास मुले आठवडाभर रिकाम्या मातीकडे पाहत बसतात. म्हणून शेजारच्या ट्रेमध्ये गहू आणि टप्पा ६ मधली बाजरी पेरावी. गहू तीन-चार दिवसांत वर येतो. रोज त्याच्या उंचीइतका लोकरीचा तुकडा कापून तारखेसह पुठ्ठ्यावर चिकटवला की आलेख आपोआप तयार होतो.

ही पेरणी सुट्टीच्या किमान सहा दिवस आधी व्हावी. त्याहून उशीर झाला तर कोंब दिसण्याआधी शाळा बंद होते. सुट्टीत पाणी कोण घालणार हे आधीच ठरवावे : ट्रे पहारेकऱ्याच्या खोलीबाहेर सावलीत ठेवून त्यांना रोजचे एक भांडे नेमून द्यावे, किंवा गव्हाची रोपे मुलांसोबत दह्याच्या रिकाम्या डब्यांतून घरी पाठवावीत. दिवाळीच्या किल्ल्यावर हिरवळ म्हणून ती कामी येतात. मोज्यांचा ट्रे मात्र शाळेतच राहू द्यावा आणि त्यावर ‘टाकू नये’ अशी ठळक चिठ्ठी लावावी, कारण सुट्टीतल्या साफसफाईत मातीने भरलेला जुना मोजा पहिल्यांदा केराच्या टोपलीत जातो.